रेणुकाला उठवणार कोण?

कार्तिक लागला की आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर मेंढरं दिसायला लागतात. धारूरच्या डोंगरातलं गवत वाळत आलेलं असतं. मग धनगरांचे वाडे निघतात. वाडा म्हणजे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, माणसं, कुत्री, कोंबड्या आणि पुढेमागे पसरलेली मेंढरं. घाट उतरून हे सगळं खाली गंगथडीला, उमापूरच्या अंगाला जातं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. कॉलेजची बस अडते. ड्रायव्हर हॉर्न दाबून थकतो, मेंढरं त्याला हिंग लावून विचारत नाहीत. रस्त्याकडेच्या तुरी पिवळ्या झालेल्या असतात, कापूस फुटलेला असतो, आणि खिडकीतून लोकरीचा उबट वास आत येतो. पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. मला मात्र काळजी लागते.

मी मुळातच काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी, आणि कुबडी घेऊन परत फिरणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. आई म्हणायची, "मन चिंती ते वैरी न चिंती, आणि तुझं मन तर वैऱ्याची शिकवणी घेईल." परीक्षेच्या काळजीला तारीख असते, निकाल लागला की ती संपते. मेंढरांच्या मोसमाची ही काळजी मात्र संपायचं नाव घेत नाही. ती एका कार्तिकात सुरू झाली आणि दरवर्षी त्या वासाबरोबर ताजी होऊन येते.

मी नाट्यशास्त्र शिकवते. अपंगत्व आणि रंगभूमी हा माझ्या अभ्यासाचा विषय. उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला, तेव्हापासून पायाला बांधायचा कॅलिपर आणि कुबडी ही माझी सख्खी भावंडं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दोनच कामं मिळायची, एकतर म्हातारीचं, नाहीतर विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवायचं. विंगेतून सगळं नाटक तिरकं दिसतं. तिथेच मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की नाटकातला लंगडा एकतर कपटी का असतो, नाहीतर बिचारा का असतो. त्याला भाजी आणायला जाताना कधीच का दाखवत नाहीत? त्या प्रश्नावर मी पुढे पीएच.डी. केली, म्हणजे प्रश्न लांबवला.

एकदा मोठ्या शहरात परिसंवाद होता. विषय होता, कलाक्षेत्रातले अडथळे. व्यासपीठाला पायऱ्या. दोन स्वयंसेवकांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं आणि सभागृहात टाळ्या झाल्या. मला वाटलं, विषयाला झाल्या. खाली उतरवताना पुन्हा तेवढ्याच झाल्या, तेव्हा कळलं की त्या उचलणाऱ्यांना होत्या. त्या दिवशी वाचलेल्या निबंधाचं पुष्कळ कौतुक झालं, तरी मला आठवतो तो खुर्ची तिरकी झाली तेव्हाचा घाम.

परत आपल्या जिल्ह्यात येऊन शिकवायचं ठरवलं, तेव्हा लोकांना गंमत वाटली. "मॅडम, अपंगत्वात शिकायचं काय असतं? ते तर आपोआप येतं," असं स्टाफरूममधले एक सर म्हणाले होते. आमच्या भागात माणसाचं अंग मोजायची पद्धत आधीपासूनच पक्की आहे. ऊसतोडीला जाणारं नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई, अर्धा कोयता. एका गावात मी व्याख्यानाला गेले होते. तिथला मुकादम माझ्याकडे वरून खालपर्यंत बघत हसत म्हणाला, "बाई म्हंजी पाव कोयता." सगळे हसले, मीही हसले. नंतर मी तेच वाक्य परिसंवादात सांगायचे आणि लोक वह्यांत उतरवून घ्यायचे. मनातल्या मनात मात्र मी अजूनही त्या मुकादमाला उत्तर देत असते.

ही काळजी सुरू झाली त्या वर्षी जूनमध्ये रेणुका माझ्या वर्गात आली. जन्मापासून ऐकू न येणारी, धनगराच्या घरातली, निवासी कर्णबधिर शाळेत बारावी झालेली. खुणांची भाषा तिला पाण्यासारखी यायची. मी ती उतारवयात कार्यशाळांमध्ये शिकलेली, त्यामुळे माझे हात बोबडे बोलतात. मी काही सांगायला लागले की रेणुका मान तिरकी करून वाट बघायची, आणि वाक्य संपायच्या आत माझी बोटं धरून नीट करायची. वर्गातल्या पोरींना तिने दिवाळीपर्यंत अर्धीअधिक भाषा शिकवली. शिव्या आधी शिकवल्या.

एकदा वर्गात सांगितलं, ओळखीचं माणूस न बोलता उभं करा. कुणी ग्रंथपाल केले, कुणी चहावाला. रेणुकाने कोपऱ्यातला झाडू काखेत धरला आणि चालायला लागली. उजवा पाय कमरेपासून फेकायचा, खांदा उचलायचा, ओठ दाबायचे. मला कळलं ही मी आहे. मग ती नसलेल्या पायरीपाशी आली, थांबली, आणि पाय उचलायच्या आधी तिने हळूच डावीउजवीकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की मी असं बघते. मी टाळ्या वाजवल्या, कारण ते अप्रतिम होतं. घरी गेल्यावर मात्र उंबऱ्याशी थांबले आणि बराच वेळ आत जाता येईना. दुखलं होतं. पण मला कुणीतरी इतकं नीट पाहिलंय, हेही त्या दुखण्यात होतं.

ही मुलगी पुढे जाणार, हे मला त्या दिवशी पटलं. आणि पटलं त्याच दिवशी धास्ती सुरू झाली. माझं असंच आहे, चांगलं काही हाती लागलं की ते निसटण्याची तयारी मी आधी करते.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडे जातात. मुलींच्या वसतिगृहातल्याही कितीतरी जणी त्यांच्याबरोबर जातात, कोपीवर, ऊसफडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायला. रेणुकाच्या खोलीतल्या सगळ्या गेल्या. आणि त्याच आठवड्यात तिचे वडील, कोंडिबा, कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात गाडीच्या टायरच्या चपला. शिपाई त्यांना आत सोडेना, म्हणून मीच बाहेर गेले.

"रेणीला न्यायला आलोय, बाई. आमी खाली निघालो."

"मामा, अभ्यास बुडेल तिचा. परीक्षा आहे पुढे."

"म्हाईत हाय की. पर आता शिमग्यापतुर आमचं हिकडं येनं न्हाई."

"म्हणून तर वसतिगृह आहे. राहू दे तिला."

त्यांनी फाटकाजवळच्या लिंबाखाली बूड टेकलं आणि मलाही कठड्यावर बसा म्हणून खुणावलं. मग सावकाश सांगितलं. "वाड्यावर लांडगा येतो, चोर येतो, वावटळ येती. समदी हाकंनं उठत्यात. ही न्हाई उठत. म्हनून हिच्या पायाला दोरी अन् दोरीचं दुसरं टोक कुत्र्याच्या गळ्यात. कुत्रं उठलं की ही उठती. लहानपनापासून आसंच हाय. हितं खोलीत पोरी हुत्या तवर म्या काय बोल्लो न्हाई. आता पोरी गेल्या. आता हिला उठवील कोन?"

मी कायदा सांगितला. तिचा शिक्षणाचा हक्क सांगितला, समान संधी कक्ष सांगितला, त्याची अध्यक्ष मीच आहे हेही सांगितलं. परदेशातल्या वसतिगृहांत उशीखाली थरथरणारी यंत्रं असतात, दिवे उघडझाप करतात, आपणही तसं काही बसवू, असं म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् लाईट गेल्यावर?"

आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"समदं बराबर हाय, बाई. तुमी शिकल्याल्या. पर उठवील कोन?"

मग ते उठले आणि म्हणाले, "चला, बघू." फाटकाला लागूनच मुलींचं वसतिगृह. तिथे त्यांनी रेणुकाला खुणेने सांगितलं, खोलीत जा, कडी लाव, झोप. ती पहाटेपासून घोंगड्या धुवायला वाड्यावर गेलेली, दमून आलेली. तिला खेळ वाटला, हसत हसत आत गेली. जरा वेळाने कोंडिबांनी काठी टेकली आणि म्हणाले, "आता उठवा."

रेक्टरबाईंनी आधी कडी वाजवली. मग हाताने दार बडवलं. मग वॉचमनने काठीने. दार लोखंडी पत्र्याचं, सगळं वसतिगृह दणाणलं, तरी आतून काही नाही. शेजारच्या खोलीतल्या दोघीतिघी ताटं घेऊन आल्या आणि वाजवायला लागल्या. कुणाला वाजवताय, हे कुणाच्याच ध्यानात येईना. एकीने मोबाईल लावला. मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावलेला होता, तो काचेआड थरथरत राहिला. माकडं येतात म्हणून खिडकी आतून बंद. आणि मी, जिने आयुष्यभर हाच विषय शिकवला ती मी, दाराला तोंड लावून ओरडत होते, "रेणुका! अगं रेणुका!"

पोरींना हसू फुटलं. रेक्टरबाईंनाही. मला फुटलं नाही. त्या पत्र्याला हात लावून मी उभी होते, आणि एकदम मला पलीकडे धूर दिसायला लागला. काही नव्हतं तिथे, एक झोपलेली मुलगी होती. पण गॅसची शेगडी, जळकी वायर, साप, ताप, जे जे मनात यायचं ते सगळं त्या दाराच्या पलीकडे येऊन बसलं आणि मी अलीकडे. कोंडिबा परत फाटकाच्या लिंबाखाली जाऊन बसले होते. ते हसत नव्हते आणि ‘बघा, म्हनलं नव्हतं’ असंही म्हणत नव्हते.

रेणुका तिची तीच उठली. दार उघडलं, ताटं घेतलेल्या पोरी पाहिल्या आणि खदखदून हसली. मग तिची नजर बापाकडे गेली आणि हसणं थांबलं. तिला कळलं, आपण नापास झालो.

त्यानंतरचा सगळा दिवस कडीवर वाद. मी म्हणाले, तिने कडी लावायची नाही. रेक्टरबाई म्हणाल्या, "कडीचा नेम मीच केलाय मॅडम, आन् कावून केलाय ते तुमाला ठाऊक हाय." ठाऊक होतं. मागच्या भिंतीवरून टवाळ पोरं आत उतरली होती एकदा. एका मुलीला राखणारी कडी दुसरीला कोंडणारी होती, आणि दोघी एकाच वसतिगृहात. उरलेल्या पोरींनी तिच्या खोलीत झोपायचं कबूल केलं. चांगल्या पोरी होत्या. पण शनिवारी त्या आपापल्या गावी जायच्या, आणि रेणुकाचं गाव तर घोड्यावर बांधून चालायला लागलेलं. प्रत्येक शनिवारी ती त्या पत्र्याच्या दाराआड एकटी. मी कितीही फिरवून पाहिलं तरी शनिवार तिथेच होता.

कोंडिबांची मेंढरं जवळच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवली होती. "उद्या दुपारी हालनार," असं सांगून ते गेले. रेणुका माझ्याकडे काही मागायला आली नाही. वर्गात आली, मागच्या बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवून राहिली. तिचे हात असे गप्प मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्या काळात मी पुष्कळ लिहीत होते. स्वावलंबनाची कल्पना आणि तिच्या मर्यादा, असा काहीतरी निबंध चालू होता. कुणीही एकट्याच्या बळावर जगत नाही, प्रत्येकाला कुणीतरी उठवतंच, अशा अर्थाची वाक्यं मी इंग्रजीतून सुरेख लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचली आणि स्वतःचाच राग आला. कागद बाजूला सारून मी वसतिगृहावर गेले आणि रेणुकाला म्हणाले, माझ्या घरी राहा. म्हणाले खरी, पण धास्ती होतीच. आई गेल्यापासून मी कुणाबरोबर राहिलेली नाही. रात्री कॅलिपर काढला की मला भिंत धरून चालावं लागतं, घाईत असले तर रांगावं लागतं. ते कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि वेळ आलीच तर मी तिच्यापर्यंत पोचणार कधी? पण दुसरं काही सुचत नव्हतं.

रेणुका तशीच वाड्यावर गेली आणि दुपारी कोंडिबांना घर दाखवायला घेऊन आली. कॉलेजच्या मागे, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं माझं भाड्याचं घर. चहा नको म्हणाले. बाजारात जनावर पारखावं तसं घर पारखत हिंडले. उंबरा पाहिला, मोरी पाहिली, मागचं दार ढकलून पाहिलं. पलंगाशी ठेवलेला जुना कॅलिपर उचलून त्याचं वजन पाहिलं. मधूनमधून बापलेक एकमेकांशी हातांनी बोलत होते. ही शाळेतली भाषा नव्हती, वाड्यावरची होती, आखूड आणि भराभर. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तपासणी समित्या कॉलेजात येतात तेव्हा मी इतकी घाबरत नाही.

"हितं कोन कोन ऱ्हातं?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

"अन् घराचं मालक?"

"वरच्या मजल्यावर. पण सुगीत ते शेतावरच असतात."

"झोपताना हे काढून ठिवता?" त्यांनी कॅलिपर खाली ठेवला.

"हो."

"आन् आतून कडी?"

"हो."

ते आवाज जरा उतरवून म्हणाले, "मंग तुमाला कोन उठवतं?"

"मला ऐकू येतं, मामा."

"ऐकू येऊन करता काय? दारापतुर यायाला तर पायजे."

माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तरं असतात. कुलगुरूंसाठी असतात, मुकादमासाठी आहेत, स्टाफरूममधल्या सरांसाठी तर दोनदोन आहेत. या माणसाला मी पुन्हा चहा विचारला.

त्यांनी घोंगडी खांद्यावर नीट केली. "ठिवतो पोरीला," म्हणाले. "तिच्यापायी न्हाई. तुमाला कुनीतरी पायजे."

खरं सांगते, मला राग आला. आयुष्यभर जी कीव मी दारातून परत पाठवली, जिच्यावर शेकडो पानं लिहिली, ती घोंगडी पांघरून सरळ आत आली होती. आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही एकदम. आजही ते वेगळं करता येत नाही.

पुढे रेणुका माझ्याकडेच राहिली आणि बी.ए. झाली. मग दूरच्या शहरात नाट्यशिक्षण घेतलं, आता तिथेच कर्णबधिर मुलांना नाटक शिकवते, एकटी राहते. रोज व्हिडिओ कॉल करते आणि माझ्या बोटांच्या चुका काढते. कॉल यायला उशीर झाला की मी खोलीत येरझारा घालते. मेंढरं रस्त्यावर आली की जास्तच. तिच्या दाराला कडी आहे, मला माहीत आहे, आणि तिला तिथे कोण उठवतं हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. कोंडिबांनी विचारलं होतं. बापाचं धाडस वेगळं.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोंडिबा मेंढरांकडे निघून गेले होते. जाताना पोरीच्या डोक्यावर पंजा ठेवला, तेवढंच. रेणुका दारात पत्र्याची पेटी घेऊन उभी होती. तिने खुणेने विचारलं, बाबा शेवटी काय म्हणाले?

मला सहज म्हणता आलं असतं, हो म्हणाले. पण तिने मला पाहिलेलं होतं, तिच्याशी लपवाछपवी काय करायची. मी माझ्या बोबड्या हातांनी सांगितलं, ते म्हणाले, तू माझ्यासाठी राहायचं. मला कुणीतरी हवं.

तिने मान तिरकी करून माझं वाक्य संपू दिलं. बोटं दुरुस्त केली नाहीत. मग छातीवर हात ठेवला, आणि बाप गेला त्या रस्त्याकडे बोट दाखवून, मला समजावं म्हणून अगदी सावकाश, एकेक खूण सुटी करत म्हणाली, मीच सांगितलं त्यांना.

पेटी आत ओढून तिने चपला काढल्या आणि दुसऱ्या खोलीत अंथरूण घालायला लागली. डोळ्यांतलं दिसू नये म्हणून मी तिच्यासाठी उशी शोधायला आत गेले. कपाट उपसलं, माळ्यावर काठी घालून पाहिली, आईची ट्रंक उघडली. घरात उशी एकच होती.